अकाली सीमोल्लंघन

श्रावण लागला की कलकत्त्यातील मराठी घरांतून एक नवे व्रत सुरू होते. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. म्हणून सकाळी आठाच्या ठोक्याला घरातील सारी कर्तीसवरती माणसे हातात फोन धरून एकाग्र चित्ताने बसलेली असतात. सियालदहहून न्यू जलपाइगुडीकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत चार बर्थ हाती लागले की पेढे वाटायचे तेवढे बाकी राहते. मग तक्ता तयार होतो. पंचमीच्या रात्री प्रस्थान. षष्ठीच्या सकाळी न्यू जलपाइगुडी, दुपारी दार्जिलिंग. सप्तमीच्या पहाटे टायगर हिल, परतताना घूमचा मठ आणि बतासिया. अष्टमीला चहाचा मळा आणि प्राणिसंग्रहालय. नवमीला मिरिकमार्गे उतरणे. दशमीला सकाळी घरी, म्हणजे संध्याकाळी आपट्याची पाने वाटायला सारी मंडळी हजर. या तक्त्यात भाड्याला रकाना असतो, मोटारीला असतो, उलटीच्या गोळ्यांना असतो, धाकट्याच्या कानटोपीला असतो आणि दशम्या-चिवड्यालाही असतो. पावसाला रकाना नसतो.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो. तक्ता ही वस्तू आमच्या पोटापाण्याची आहे, तेव्हा तिच्याविषयी आमच्या मनात आकस असण्याचे कारण नाही. परंतु ज्या तक्त्यात मुख्य बाबच वगळलेली आहे तो तक्ता कितीही नेटका आखलेला असला तरी आमच्या विभागात तो परत पाठविला जातो. येथेही आम्ही तोच शेरा मारू इच्छितो. दुर्गापूजेच्या आठवड्यात या शहरातून उठून हिमालयात जाण्याचा जो प्रघात येथील मराठी मंडळींनी शेजाऱ्यांकडून उचलला आहे तो धोक्याचा आहे, डोंगरातील लोकांना जाच करणारा आहे, आणि ज्या सुखासाठी तो पाळला जातो ते सुखही त्यातून पुरते मिळत नाही. तो सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचकांपैकी अनेकांना हे रुचणार नाही. कित्येकांचे बर्थ या घटकेलाच पक्के झालेले असतील.

प्रथम दोन रात्रींची हकीकत सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १९६८ च्या आरंभी दार्जिलिंगच्या डोंगरांवर सतत तीन-चार दिवस पाऊस कोसळला. ४ तारखेच्या रात्री तिस्ता नदी जलपाइगुडी शहरात शिरली. वरच्या अंगाला १९३३ साली बांधलेला तिस्तेवरचा अँडरसन पूल वाहून गेला. सिलिगुडीहून दार्जिलिंगला चढणारा रस्ता ९२ ठिकाणी तुटला, अशी नोंद आहे. आता दुसरी रात्र. २ ऑक्टोबर २०२५ रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र गोपाळपूरजवळ ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले, तेथून उत्तरेकडे सरकले, आणि ४ तारखेच्या रात्री दार्जिलिंगच्या डोंगरावर रिते झाले. मिरिकच्या परिसरात घरेच्या घरे दरडीखाली गेली. बालासन नदीवरील दुधियाचा लोखंडी पूल कोसळला आणि सिलिगुडी-मिरिक रस्ता तुटला. वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले.

दोन्ही वेळा तारीख ४ ऑक्टोबर. दोन्ही वेळा दसरा नुकताच होऊन गेलेला आणि कोजागिरी तोंडावर आलेली. मध्ये वर्षे सत्तावन्न. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात, हे पंचांग हाताळणाऱ्यास ठाऊक असते, आणि सत्तावन्न म्हणजे एकोणीस त्रिक. यावरून आम्ही कोणतेही भाकीत करीत नाही. पाऊस एकोणिसाचा पाढा म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पूजा आणि कोजागिरी यांच्या दरम्यान हिमालयाच्या या भागात पाऊस असू शकतो, आणि असला तर तो साधा नसतो, ही गोष्ट दोन पिढ्यांपूर्वीच्या माणसांनीही अनुभवलेली आहे. हवामान खात्याच्या हिशेबानेही उत्तर बंगालातून मोसमी पाऊस मागे फिरतो तो साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पूजा कधी सप्टेंबरच्या अखेरीस येते, कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्या वर्षी पूजा लवकर येते त्या वर्षी आपण भर पावसाळ्यात डोंगर चढत असतो आणि त्याला शरदऋतू म्हणत असतो.

डोंगर कसा आहे हेही पाहावे. दार्जिलिंगला वर्षाकाठी सुमारे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, मग भिण्याचे कारण काय, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांला विचारले होते. कारण असे की सह्याद्री हा म्हातारा, काळ्या कातळाचा डोंगर आहे. पाणी त्याच्या अंगावरून वाहून जाते. हिमालय अद्याप वाढत आहे. त्याचा खडक मुरगळलेला, भेगाळलेला, आणि त्यावर कुजलेल्या दगडमातीचा जाड थर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा थर पाणी पीत राहतो. ऑक्टोबरात त्याची तहान पूर्ण भागलेली असते. अशा वेळी उपसागराकडून उशिरा आलेला एखादा पाऊस एका रात्रीत दोनशे-तीनशे मिलिमीटर पडला की उतार सुटतो. त्यातच उतार कापून रस्ता केलेला, रस्त्याच्या कडेला खांबांवर उभी केलेली चार-पाच मजली हॉटेले, आणि त्या हॉटेलांत तुम्ही-आम्ही. सप्टेंबर १८९९ मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, १९५० च्या जूनमध्ये तिस्तेच्या खोऱ्यातली छोटी रेल्वे वाहून गेली ती पुन्हा उभी राहिली नाही. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून चुंगथांगचे धरण वाहून गेले. ती जात वेगळी होती, पण तेव्हाही तिस्तेकाठचा महामार्ग तुटला आणि वर गेलेले हजारो प्रवासी तेथेच राहिले.

आता मराठी माणसाच्या मनात हा भरवसा येतो कोठून, याचा विचार करण्यासारखा आहे. बंगाली शेजाऱ्यांचे अनुकरण हे एक कारण झाले. त्यांच्यात दीघा, पुरी, दार्जिलिंग या तिहींच्या आद्याक्षरांचा मिळून 'दीपुदा' असा एक जोडशब्दच रूढ आहे, आणि पूजेच्या सवलतीच्या तिकिटांची जाहिरात रेल्वे कंपन्या इंग्रजी अमदानीतही करीत असत. सत्यजित राय यांचा 'कांचनजंघा' १९६२ साली निघाला तो दार्जिलिंगमध्येच घडतो, आणि फेलुदाची पहिली कथाही तेथलीच. शेजाऱ्यांना ते गाव घरासारखे वाटते, ते अशा कारणांनी. पण आपल्या मंडळींच्या बाबतीत आणखी एक खोल कारण आहे, आणि ते आपण देशावरून बरोबर आणलेले आहे. ते म्हणजे दसऱ्याचे सीमोल्लंघन.

चातुर्मासात प्रवास करू नये, संन्याशाने एका जागी राहावे, नांगर चालावा आणि तलवार म्यानात असावी. दसरा आला की शमीची पूजा करून शीव ओलांडावी आणि मुलूखगिरीस निघावे, हा आपला जुना दंडक. तो पोकळ धर्मविधी नव्हता. दख्खनच्या पठारावर दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरतो, नद्यांना उतार पडतो, घोड्यांना वैरण झालेली असते. हा दंडक म्हणजे हवामानाचे पक्के ज्ञान होते, त्याला सणाचे वस्त्र नेसविलेले होते. आजही सह्याद्रीत माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या काळजाला चटका लावणाऱ्या घटना जुलैत घडल्या. दसऱ्याला तेच डोंगर हिरवे आणि स्वस्थ असतात. तेव्हा दसरा आला की रस्ता मोकळा, हे आपल्या रक्तात भिनलेले आहे. परंतु वाचकहो, हे ज्ञान दख्खनचे आहे. ते हावड्याला उतरताना सामानाबरोबर उतरवून घेतले तरी येथे लागू पडत नाही. बंगालच्या उपसागराचे पंचांग सोलापुरात छापले जात नाही.

हे आपल्या पूर्वजांनाही येथे भोवलेले आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर १७४२ च्या पावसाळ्यात काटव्याला तळ देऊन राहिले. शरद लागताच त्यांनी तेथे थाटामाटाने दुर्गापूजा मांडली. मध्ये भरलेली भागीरथी आणि अजय नदी. सप्टेंबरच्या अखेरीस, नवमीच्या सुमारास, अलीवर्दीखानाने होड्यांचा पूल बांधून रात्री पलीकडे माणसे उतरविली आणि पंतांची छावणी उधळली. येथील आया मुलांना निजविताना ज्या बर्गींची भीती घालीत त्या बर्गींची ही हकीकत आम्ही बंगाली स्नेह्यांना सांगतो तेव्हा ते आनंदाने हसतात, आम्हीही हसतो. पण तिच्यातला मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पूजेच्या दिवसांत बंगालच्या पाण्याचा हिशेब ज्याने आपल्या मुलखाच्या सवयीने केला त्याची फजिती झाली.

आणि गंमत अशी की बंगाल स्वतः ही पूजा वेळेवरची आहे असे म्हणतच नाही. कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात रावणवधासाठी रामाने शरदात देवीला जागे केले, ते 'अकालबोधन'. अवेळी केलेले जागरण. देवीची खरी पूजा वसंतातली, चैत्रातली, रामनवमीच्या आगेमागे येणारी वासंती. तिला आता कलकत्त्यात फारसे कोणी विचारीत नाही. देवीला अवेळी उठविल्याबद्दल रामाने तिची क्षमा मागितली. डोंगराला अवेळी उठविणारे आपण मोटारवाल्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो.

यावर जे आक्षेप येतात ते आम्हांला पाठ आहेत. पहिला आक्षेप रजेचा. 'दुसरी सुट्टी मिळते कोठे?' राज्य सरकारच्या नोकरांना पूजेची लांबलचक सुट्टी असते. त्यांच्या तोंडी हा आक्षेप एक वेळ शोभेल. आमच्या केंद्राच्या कचेऱ्यांना पूजेचे मोजकेच दिवस मिळतात आणि बाकीची रजा अर्ज करूनच घ्यावी लागते. अर्जच करायचा तर तो आश्विनाचाच का? वर्षाला तीस दिवस अर्जित रजा खात्यावर जमा होते, ती तीनशे दिवसांपर्यंत साठविता येते, आणि ती निवृत्तीच्या दिवशी रोखीने घ्यावयाची या एकाच ध्यासाने आमचे कित्येक सहकारी तिला कृपणाच्या ठेवीप्रमाणे जपतात. मग मोजक्या सुट्ट्यांना चार दिवस जोडून जे काही साधेल ते साधायचे, असा खाक्या. रजा नाही असे नाही; ती खर्चवत नाही.

दुसरे पालुपद एल.टी.सी.चे. केंद्र सरकारने ही प्रवास-सवलत १९५६ साली दिली आणि १९८८ च्या नियमांनी तिला आजचे रूप आले. चार वर्षांच्या गटात दोनदा मूळ गावी, किंवा एकदा गावी आणि एकदा भारतात कोठेही. 'गट संपत आला आहे, यंदाच जायला हवे,' असे सांगत गृहस्थ आरक्षणाच्या रांगेत शिरतात. नियम आम्ही रोज वाचतो. गट संपला तरी न घेतलेली सवलत पुढील गटाच्या पहिल्या वर्षात घेता येते. सवलतीबरोबर दहा दिवसांपर्यंतची अर्जित रजा रोखीत मिळते, ती आश्विनात गेले तरी तेवढीच आणि मार्गशीर्षात गेले तरी तेवढीच. जानेवारी २०२५ पासून वंदे भारत आणि हमसफरसारख्या गाड्याही आपापल्या दर्जाप्रमाणे चालतात. आगाऊ रक्कम उचलली असेल तर परतल्यापासून महिन्याच्या आत हिशेब द्यावा, एवढी अट. संपूर्ण नियमावलीत दुर्गापूजेचे नाव नाही. तेव्हा कृपा करून नियमांच्या आड लपू नये.

मुलांच्या शाळेचा मुद्दा खरा आहे आणि तो आम्ही उडवून लावणार नाही. पण शाळांना डिसेंबरच्या अखेरीसही सुट्टी असते. तेव्हा थंडी फार, असे उत्तर येते. कलकत्त्याच्या घामातून सुटका म्हणून जे दार्जिलिंगला निघतात त्यांनी थंडीची तक्रार करावी हे आम्हांला कळत नाही. तेव्हा आकाश धुतलेले असते. कांचनजंघेचे ८,५८६ मीटर उंचीचे शिखर पहाटेपासून उभे असते. आश्विनात टायगर हिलवर पहाटे तीन वाजता उठून, शेकडो मोटारींच्या धुरात उभे राहून, ढगांकडे पाहून परतलेली मंडळी आम्ही प्रतिवर्षी पाहतो. त्यांच्या फोनमध्ये एकमेकांच्या मफलरींची छायाचित्रे असतात.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र निराळा आहे. 'आपण गेलो नाही तर त्या गरिबांनी खायचे काय?' पूजेच्या दहा-पंधरा दिवसांवर मोटारचालक गाडीचे हप्ते फेडतो, लहान हॉटेलवाला नोकरांचे पगार काढतो, होमस्टेवाली बाई मुलीची फी भरते. १९८६ नंतरचे गोरखालँड आंदोलन, २०१७ मधील शंभराहून अधिक दिवसांचा बंद, २०२० ची महामारी, असे घाव त्या प्रदेशाने सोसले आहेत. हे सर्व मान्य. हा आक्षेप करुणेतून आलेला असेल तर आम्ही त्याला मान देतो. परंतु करुणेचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. सारे कलकत्ता त्याच दहा दिवसांत चढते म्हणूनच तेथील चालकास त्या दहा दिवसांत रात्रंदिवस, ओल्या रस्त्यावर, झोपेविना गाडी हाकावी लागते. आणि एका दरडीची बातमी आली की नोव्हेंबराची आरक्षणेसुद्धा धडाधड रद्द होतात. म्हणजे धोक्याच्या आठवड्यात जी गर्दी जाते तीच सुरक्षित महिन्यात पाठ फिरविते. ज्याला खरोखर त्यांच्या पोटाची काळजी आहे त्याने कार्तिकात जावे, मार्गशीर्षात जावे, फाल्गुन-चैत्रात गुरांस फुलतो तेव्हा जावे. वर्षाचे उत्पन्न वर्षभर विभागले गेले तर त्यांचे भले आहे. एका आठवड्यात ओतलेला पैसा हा एका रात्रीत पडलेल्या पावसासारखाच. तो मुरत नाही.

शिवाय २०२५ च्या त्या रात्री मेले कोण? बहुतेक तेथलेच रहिवासी. मळ्यातले मजूर, उतारावरच्या झोपड्यांतली कुटुंबे. दुसऱ्या दिवशी प्रशासनाला एकीकडे ढिगारे उपसायचे आणि दुसरीकडे पाहुण्यांना सुखरूप खाली उतरवायचे, अशी दोन्ही कामे त्याच अरुंद, तुटक्या रस्त्यांवरून एकाच वेळी करावी लागली. ज्या घरात प्रेत उचलायचे आहे त्या घरच्या यजमानाला पाहुण्याच्या गाडीची वेळ सांभाळावी लागावी, यापरते लाजिरवाणे काय? हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा आधीच दिलेला होता. पण इशारा येतो दोन-चार दिवस आधी, आणि तिकीट निघते साठ दिवस आधी. साठ दिवसांपूर्वी लिहिलेल्या तक्त्यात कालच्या इशाऱ्याला जागा कोण ठेवतो?

खरे म्हणजे दुखणे येथेच आहे. आपले नियोजन दिवसेंदिवस घट्ट होत चालले आहे. पूर्वीची वाट अशी नव्हती. १८७८ च्या सुमारास कलकत्त्याहून निघालेला प्रवासी दामुकदिया घाटापर्यंत आगगाडीने जाई, तेथे आगबोटीने पद्मा ओलांडी, पलीकडे सारा घाटावरून लहान मापाच्या गाडीने सिलिगुडी गाठी. १८८१ साली फ्रँकलिन प्रेस्टेजची दोन फूट रुंदीची रेल्वे दार्जिलिंगपर्यंत पोचली. त्यापूर्वी सिलिगुडीहून वर टांग्याने. १९१५ मध्ये पद्मेवर हार्डिंज पूल झाला, १९२६ पासून मोठ्या मापाची गाडी थेट सिलिगुडीस जाऊ लागली. राणाघाट, पोडादह, ईश्वरदी, सांताहार, पार्वतीपूर अशी ती वाट. १९४७ साली या वाटेवर देशाची सीमा आली आणि राणाघाटच्या पुढची ही सारी स्टेशने परदेशी झाली. मग साहिबगंजकडून वळसा घालून सकरीगली घाट, तेथे पुन्हा आगबोट, पलीकडे मणिहारी घाट, कटिहार, आणि मजल-दरमजल सिलिगुडी. १९७१ साली फराक्क्याच्या धरणावरून रेल्वे गेली तेव्हा कोठे गंगा ओलांडताना प्रवाशाला झोपून राहण्याची सोय झाली.

त्या जुन्या वाटेची आम्हांला हौस नाही. घाटावरच्या वाळूत ट्रंका वाहणाऱ्या माणसांचे हाल कवितेत बरे दिसतात. पण एक गोष्ट तीत होती. आगबोट चुकेल, नदी चढेल, गाडी थांबेल, हे गृहीतच असल्यामुळे प्रवासी दोन दिवस पदरी ठेवूनच निघे. आज रात्री दहाच्या सुमारास सियालदहला बसलेला माणूस सकाळी न्याहारीला न्यू जलपाइगुडीत असतो. वंदे भारत तर हे साडेपाचशेहून अधिक किलोमीटर साडेसात तासांत तोडते. वाचलेले दोन दिवस आपण राखीव ठेवले असते तर प्रगती झाली असती. आपण त्यांत आणखी दोन ठिकाणे कोंबली. नवमीला मिरिक, दशमीला घर, एकादशीला कचेरी. मधल्या एका पुलाने दगा दिला की सारा डोलारा कोसळतो. मग माणूस धोक्याच्या रस्त्यावरूनही गाडी हाकायला लावतो, कारण एकादशीची हजेरी. रजेच्या अर्जावर आम्ही वर्षानुवर्षे कारणे वाचीत आलो आहोत. 'डोंगर सुटला म्हणून दोन दिवस उशीर' हे कारण लिहिण्याची वेळ येईल असे अर्ज करतेवेळी कोणालाही वाटत नाही.

त्या छोट्या रेल्वेचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. न्यू जलपाइगुडीहून दार्जिलिंग ८८ किलोमीटर, आणि तिला सात-आठ तास लागतात. १९९९ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण पावसाळ्यात दरडींमुळे ती पुन्हा पुन्हा बंद पडते. २०२४ मध्ये असाच खंड पडून पूर्ण मार्गावरची गाडी नोव्हेंबरात पुन्हा धावू लागली. म्हणजे या डोंगराशी १४० वर्षे संसार केलेली रेल्वेसुद्धा पावसापुढे हट्ट धरीत नाही. ती थांबते. हट्ट धरतो तो भाड्याच्या सुमोत बसलेला आपला कुटुंबप्रमुख.

गावाच्या दुर्दशेविषयी फार लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८३५ साली इंग्रजांनी सिक्कीमच्या राजाकडून ही जागा घेतली ती आजारी गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी. २०११ च्या जनगणनेत तेथे लाखावर माणसे भरली. पाणी अजून मुख्यतः सेंचलच्या जुन्या तलावांचे, आणि गावकरी ते टँकरने विकत घेतात. पूजेत घूमपासून गावापर्यंत मोटारींची रांग लागते, आणि त्या रांगेत रुग्णवाहिकाही असते. हॉटेलात गरम पाण्याची बादली एकच मिळाली म्हणून व्यवस्थापकावर आवाज चढविणाऱ्या आपल्या भगिनींना ती बादली कोणाच्या अंगणातून आली हे कोणी सांगितलेले नसते.

मग जावे कसे? आमचे एक परिचित हिमालयाचे नाव निघाले की काकासाहेब कालेलकरांची साक्ष काढतात. काकासाहेब १९१२ साली हिमालयात पायी हिंडले आणि 'हिमालयाचा प्रवास' त्यांनी गुजराथीत लिहिला, याचा आम्हां मराठी माणसांना अभिमानही आहे आणि थोडा मत्सरही. पण मुलाबाळांसह निघणाऱ्या कारकुनाला तो दाखला उपयोगी नाही. आम्ही कोणास संन्यास घ्यायला सांगत नाही. एवढेच सांगतो की प्रवासाची आखणी तिकिटापासून नव्हे, डोंगरापासून सुरू करावी. पाऊस मागे फिरल्याची वार्ता येऊ द्यावी. ठिकाणे निम्मी करावीत आणि दिवस तेवढेच ठेवावेत. परतीचे तिकीट आणि कचेरीत रुजू होण्याचा दिवस यांत निदान दोन दिवसांचे अंतर असावे आणि तेवढ्या रजेचा अर्ज आधीच मंजूर करून घ्यावा. सहल सुरळीत पार पडली तर हे दोन दिवस घरी झोपून काढावेत, ते वाया गेले असे समजू नये. इशारा आला तर तिकीट रद्द करावे. रद्द केल्याचा भुर्दंड तक्त्यात पहिल्याच दिवशी, उलटीच्या गोळ्यांच्या वर, लिहून ठेवावा.

मंडळांकडेही आमचे एक मागणे आहे. आश्विनात येथील मराठी माणसे डोंगरात निघून जातात आणि मग दसऱ्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या, ही रड चिटणीस प्रतिवर्षी अहवालात छापतात, आणि त्याच अहवालाच्या मागच्या पानावर पूजेतील सामुदायिक सहलीची सूचनाही छापतात. दोहोंपैकी एक बंद करावे. सहल मार्गशीर्षात न्यावी. ज्यांना पूजेत घराबाहेर पडल्यावाचून राहवतच नाही त्यांच्यासाठी हे शहर आहे. त्या पाच रात्री सारे जग ते पाहायला येते, आणि येथे वीस-वीस वर्षे राहिलेली आपली कुटुंबे उत्तर कलकत्त्यातल्या जुन्या वाड्यांतली ठाकुरदालाने न पाहताच नागपूरला बदली होऊन जातात.

आमच्या विभागातील डिसेंबरच्या रजेचा तक्ता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टेबलावर येतो. त्यावर आजवर फार तर दोन-तीन नावे असतात.